दारिद्र्याचे मापन आणि माहिती-संकलन : २००२ च्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंब गणनेची संशोधनपद्धतीच्या दृष्टीने चिकित्सा

गोषवारा

मापनाचे स्तर, सप्रमाणता, विश्वसनीयता आणि माहिती-संकलनाची साधने या संशोधनपद्धतीतील मूलभूत संकल्पना आहेत. प्रबंधांमधून त्यांच्या व्याख्या दिल्या जातात, परंतु त्यांचा प्रत्यक्ष वापर क्वचितच आढळतो. प्रस्तुत लेखात या संकल्पनांच्या आधारे २००२ मधील ग्रामीण दारिद्र्यरेषेखालील कुटुंब गणनेच्या अनुसूचीची चिकित्सा केली आहे. त्याचबरोबर राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० मधील ५५ व्या फेरीतील स्मरणकालाच्या प्रश्नाचा विचार केला आहे. मापनातील चूक ही केवळ तांत्रिक चूक नसते. तिचा परिणाम माणसांच्या हक्कांवर होतो, असे या चिकित्सेतून दिसून येते.

बीजसंज्ञा : मापन, क्रमश्रेणी, सप्रमाणता, विश्वसनीयता, स्मरणकाल, अनुसूची, दारिद्र्यरेषा.

प्रस्तावना

सामाजिक शास्त्रांतील संशोधनात मापन म्हणजे ठरावीक नियमांनुसार वस्तूंना, व्यक्तींना किंवा घटनांना अंक अथवा चिन्हे देणे होय. एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये नामश्रेणी, क्रमश्रेणी, अंतरश्रेणी आणि गुणोत्तरश्रेणी असे मापनाचे चार स्तर सांगितले. तेव्हापासून संशोधनपद्धतीच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात हे वर्गीकरण आढळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच.डी.साठी संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम अनिवार्य केला. त्यामुळे या संकल्पना अधिक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचल्या. मात्र पोहोचणे आणि मुरणे यांत अंतर असते. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात चार श्रेणींच्या व्याख्या येतात आणि पाचव्या प्रकरणात त्याच व्याख्यांना धाब्यावर बसवून सरासरी काढली जाते, हे चित्र अपरिचित नाही.

या संकल्पना केवळ परीक्षेसाठी नसून त्यांच्याविना निष्कर्षच कोसळतो, हे समजण्यासाठी एखादे प्रत्यक्ष उदाहरण तपासणे उपयुक्त ठरते. त्यासाठी येथे दारिद्र्याच्या मापनाची निवड केली आहे. या विषयाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि दारिद्र्यरेषेची चर्चा देशभर रूढ झाली. पुढे याच रेषेच्या नावाने गावोगाव याद्या तयार झाल्या आणि 'पिवळे कार्ड' हा शब्द घरोघरी पोहोचला.

संकल्पनेपासून निर्देशकापर्यंत

दारिद्र्य ही अमूर्त संकल्पना आहे. ती थेट मोजता येत नाही. म्हणून तिची कार्यात्मक व्याख्या करावी लागते. दांडेकर आणि रथ यांनी दरडोई दररोज २२५० उष्मांक मिळवून देणारा आहार हा आधार घेतला. १९६०-६१ च्या किमतींनुसार त्यांनी ग्रामीण भागासाठी दरडोई दरमहा १५ रुपये आणि शहरी भागासाठी २२.५० रुपये खर्चाची रेषा आखली. येथे संकल्पना दारिद्र्य, निर्देशक उष्मांक आणि प्रत्यक्ष मोजलेले चल खर्च अशी साखळी तयार झाली. साखळीतील प्रत्येक दुवा हा एक निर्णय असतो आणि प्रत्येक निर्णयाला समर्थन द्यावे लागते.

या समर्थनाची मागणी पुण्यातूनच झाली, हे विशेष. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी उष्मांकाच्या सरासरी गरजेलाच किमान गरज मानण्यावर आक्षेप घेतला. एकाच व्यक्तीची उष्मांकाची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेपर्यंत तिच्याशी जुळवून घेते. म्हणून सरासरीखालील प्रत्येकाला कुपोषित म्हणता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. दांडेकरांनी या भूमिकेचा प्रतिवाद केला. कमी आहाराशी शरीराने केलेली तडजोड हे आरोग्याचे लक्षण मानावे काय, हा या वादातला कळीचा प्रश्न होता.

वाद कोणाच्या बाजूने सुटला यापेक्षा त्याचे स्वरूप महत्त्वाचे आहे. तो गणिताच्या अचूकतेचा नव्हता. निवडलेला निर्देशक मूळ संकल्पनेचे खरोखर मापन करतो काय, म्हणजेच सप्रमाणतेचा, तो वाद होता. सप्रमाणता केवळ सहसंबंध गुणकाने सिद्ध होत नाही. विषयाच्या जाणत्या चर्चेतून ती पारखावी लागते, हे या वादाने दाखवून दिले.

२००२ ची गणना : अनुसूचीचे स्वरूप

ग्रामीण दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे ओळखण्यासाठी १९९२ मध्ये वार्षिक उत्पन्न हा निकष वापरण्यात आला. १९९७ मध्ये काही मालमत्ताधारक कुटुंबे आधी वगळून उरलेल्यांचा उपभोग खर्च विचारात घेण्यात आला. २००२ मध्ये या दोन्ही पद्धती बाजूला ठेवून १३ सामाजिक-आर्थिक निर्देशकांची अनुसूची स्वीकारण्यात आली. जमीन, घर, कपडे, अन्नसुरक्षा, स्वच्छता, टिकाऊ वस्तू, साक्षरता, कुटुंबातील श्रमाची स्थिती, उपजीविकेचे साधन, मुलांची स्थिती, कर्ज, स्थलांतराचे कारण आणि हव्या असलेल्या साहाय्याचा प्रकार हे ते निर्देशक होत. प्रत्येक निर्देशकाला ० ते ४ गुण होते. एकूण गुण ० ते ५२ असत. कमी गुण म्हणजे अधिक दारिद्र्य.

या पद्धतीचे गुण आधी नोंदवणे न्याय्य ठरेल. ग्रामीण कुटुंबाचे उत्पन्न एका भेटीत अचूक सांगणे जवळजवळ अशक्य असते. शेतीचे उत्पन्न हंगामी असते, मजुरी अनियमित असते आणि काही मोबदला धान्याच्या रूपाने मिळतो. अशा वेळी डोळ्यांना दिसणारे घर किंवा सात-बारावर नोंदलेली जमीन ही माहिती पडताळता येते. दारिद्र्य बहुआयामी असते हा विचारही या अनुसूचीत मान्य झाला होता. दिशा योग्य होती. दोष मापनाच्या व्याकरणात होता.

मापनाच्या स्तरांचा गोंधळ

पहिला दोष क्रमश्रेणीला अंतरश्रेणी मानण्याचा. अन्नसुरक्षेच्या निर्देशकात वर्षाच्या बहुतांश काळात दिवसाला एक वेळचे पोटभर जेवणही न मिळणाऱ्या कुटुंबाला ०, वर्षभर एक वेळ जेवणाऱ्या कुटुंबाला २ आणि वर्षभर पुरेसे अन्न असणाऱ्या कुटुंबाला ४ गुण होते. हा क्रम बरोबर आहे. परंतु ० आणि २ यांतील अंतर २ आणि ४ यांतील अंतराइतकेच आहे, असे म्हणण्यास आधार नाही. क्रमश्रेणी केवळ 'कोण पुढे, कोण मागे' एवढेच सांगते. 'किती पुढे' हे ती सांगत नाही. म्हणून तिच्यावरील अंकांची बेरीज अर्थपूर्ण ठरत नाही.

बेरीज केल्यास काय होते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. कपड्यांच्या निर्देशकात माणशी चार ते सहाच्या आत कपडे असल्यास २ आणि दहा किंवा अधिक असल्यास ४ गुण होते. एका कुटुंबात वर्षभर एकच वेळ चूल पेटते, पण नातेवाइकांनी दिलेले जुने कपडे माणशी दहा आहेत. त्याचे गुण २ अधिक ४, म्हणजे ६. दुसऱ्या कुटुंबात वर्षभर पुरेसे अन्न आहे, कपडे मात्र माणशी पाच आहेत. त्याचे गुण ४ अधिक २, म्हणजे पुन्हा ६. या दोन निर्देशकांपुरती ही दोन्ही कुटुंबे सारखीच गरीब ठरतात. पोटाची भूक कपड्यांनी भरून निघते, हे विधान कोणीही मान्य करणार नाही. परंतु समान भाराच्या बेरजेत ते गृहीत धरलेले असते. भार न देणे हासुद्धा भार देण्याचाच एक प्रकार आहे, हे संशोधकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. तो नामश्रेणीला क्रमश्रेणी मानण्याचा. उपजीविकेच्या निर्देशकात हंगामी वा अनियत मजुरीला ०, निर्वाहापुरत्या शेतीला १, कारागिरीला २, पगाराला ३ आणि 'इतर' या वर्गाला ४ गुण होते. कारागीर हा लहान शेतकऱ्यापेक्षा संपन्न असतो, असा नियम नाही. हे केवळ भिन्न वर्ग आहेत. 'इतर' हा तर वर्गच नव्हे. वर्गीकरणातून जे निसटले त्यांची ती बेरीज आहे. तरीही त्याला सर्वोच्च गुण मिळाले.

हव्या असलेल्या साहाय्याचा निर्देशक याहून विलक्षण होता. मजुरीचे काम किंवा स्वस्त धान्य मागणाऱ्यास ०, स्वयंरोजगार मागणाऱ्यास १, प्रशिक्षण मागणाऱ्यास २ आणि घर मागणाऱ्यास ३ गुण होते. ज्याला घर नाही त्याने घर मागितले तर त्याची गरिबी तीन गुणांनी कमी होते, असा याचा अर्थ. येथे मोजली जाते ती पसंती, पण नोंद मात्र अभावाची होते.

स्थलांतराच्या निर्देशकात हंगामी रोजगारासाठी बाहेर जाणाऱ्यास १ आणि स्थलांतर न करणाऱ्यास ३ गुण होते. मराठवाड्यातील ऊसतोडणी कामगारांचे जीवन परिचित असलेल्या वाचकाला यामागचा हेतू पटेल. परंतु उलट बाजूही पाहावी लागते. गावात एकटी राहणारी, कष्ट न होणारी वृद्ध विधवा ऊसतोडीला जाऊ शकत नाही. स्थलांतर नाही म्हणून तिला ३ गुण. श्रमाच्या निर्देशकात वेठबिगार, स्त्रिया व बालमजूर, केवळ प्रौढ स्त्रिया, केवळ प्रौढ पुरुष यांपैकी कोणत्याच वर्गात ती बसत नाही. ती 'इतर' मध्ये जाते, म्हणून ४ गुण. उपजीविकेतही 'इतर', पुन्हा ४ गुण. तिने डोक्यावर छप्पर मागितले तर आणखी ३. या चार निर्देशकांवर तिचे १४ गुण होतात. याच चार निर्देशकांवर बायकामुलांसह तोडीला जाणाऱ्या आणि मजुरीचे काम मागणाऱ्या कुटुंबाचे २ गुण होतात. दोन्ही घरे गरीबच आहेत. त्यांच्यातील १२ गुणांचे अंतर मात्र दारिद्र्याचे नसून अनुसूचीच्या रचनेचे आहे.

विश्वसनीयता आणि माहिती देणाऱ्याची स्थिती

एकाच साधनाने पुन्हा मोजले असता तोच निष्कर्ष मिळणे म्हणजे विश्वसनीयता. 'दोन वेळचे जेवण, अधूनमधून टंचाई' आणि 'पुरेसे अन्न' यांतील सीमारेषा भाद्रपदात आणि सुगीनंतर सारखी राहत नाही. कोणत्या महिन्यात विचारले यावर उत्तर बदलते. ज्या निर्देशकाची पडताळणी पाहून करता येत नाही, तेथे उत्तर विचारणाऱ्यावर आणि विचारण्याच्या वेळेवर अवलंबून राहते.

याखेरीज या गणनेत माहिती देणाऱ्याला निकालाशी थेट कर्तव्य होते. संशोधनासाठीच्या पाहणीत उत्तरदात्याला उत्तराने काही मिळत नाही आणि त्याचे काही जातही नाही. यादीसाठीच्या गणनेत मात्र उत्तरावर शिधा, घरकुल आणि कर्ज-अनुदान अवलंबून असते. माहिती घेणारा कर्मचारी गावातलाच असेल तर त्याच्यावरही गावातील सत्तासंबंधांचा दाब येतो. अशा परिस्थितीत खोटे सांगणाऱ्याला दोष देऊन भागत नाही. खोटे सांगणे फायद्याचे आणि खरे सांगणे तोट्याचे ठरावे, अशी रचना साधनातच असेल तर ती माहिती-संकलन आराखड्याची उणीव ठरते.

स्मरणकाल : प्रश्न विचारण्याच्या पद्धतीचा परिणाम

राज्यांना किती कुटुंबे यादीत घेता येतील, यावरही मर्यादा होती. ती नियोजन आयोगाच्या दारिद्र्यविषयक अंदाजाशी जोडलेली होती आणि तो अंदाज राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० मधील ५५ व्या फेरीवर उभा होता. त्यामुळे कुटुंबनिहाय गणनेचा विचार या फेरीच्या विचाराविना अपूर्ण राहतो.

राष्ट्रीय नमुना पाहणीची सुरुवात १९५० मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने झाली. उपभोग खर्चासाठी मागील ३० दिवसांचा स्मरणकाल दीर्घकाळ वापरात होता. अन्नासारख्या रोजच्या खर्चासाठी ७ दिवसांचा काळ अधिक योग्य ठरेल काय, हे तपासण्यासाठी ५१ ते ५४ या फेऱ्यांत प्रयोग करण्यात आला. काही कुटुंबांना जुनी आणि काहींना नवी अनुसूची यादृच्छिक पद्धतीने देण्यात आली. नव्या अनुसूचीत नोंदलेला अन्नखर्च बराच अधिक आला आणि त्या आधारे मोजलेले दारिद्र्य जवळजवळ निम्म्यावर येत होते. लोक तेच होते, जेवण तेच होते, बदलला होता तो केवळ प्रश्न.

येथपर्यंत प्रयोगाची रचना निर्दोष होती. ५५ व्या फेरीत मात्र एकाच कुटुंबाला एकाच अनुसूचीत ३० दिवसांचा आणि ७ दिवसांचा, असे दोन्ही प्रश्न शेजारीशेजारी विचारण्यात आले. परिणाम असा झाला की आधीच्या फेऱ्यांतील मोठी तफावत जवळजवळ नाहीशी झाली. अधिकृत अंदाजानुसार दारिद्र्याचे प्रमाण ३० दिवसांच्या उत्तरांवरून २६.१ टक्के आणि ७ दिवसांच्या उत्तरांवरून २३.३ टक्के आले. १९९३-९४ मध्ये ते ३६ टक्के होते. एका स्तंभातील उत्तराचा दुसऱ्या स्तंभातील उत्तराशी मेळ घालण्याचा प्रयत्न उत्तरदात्याकडून किंवा अन्वेषकाकडून झाला असावा, हे याचे सर्वाधिक पटणारे स्पष्टीकरण आहे. घट नेमकी किती खरी, यावर अँगस डीटन, अभिजित सेन आदी अर्थतज्ज्ञांमध्ये मतभेद राहिले. १९९३-९४ आणि १९९९-२००० च्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, एवढे मात्र सर्वसाधारणपणे मान्य झाले.

म्हणजे एका सदोष रीतीने विचारलेल्या प्रश्नातून आलेल्या अंदाजाने मर्यादा ठरली आणि दुसऱ्या सदोष गुणांकनाने त्या मर्यादेच्या आत कोण, हे ठरले. दोन्ही चुका स्वतंत्र होत्या. मात्र त्या एकाच यादीत एकत्र आल्या.

पुढील सुधारणा

या चुकांपासून काही बोध घेतला गेला, हेही नमूद केले पाहिजे. एन. सी. सक्सेना यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २००९ च्या अहवालात काही कुटुंबांना आपोआप वगळणे, काहींना आपोआप समाविष्ट करणे आणि उरलेल्यांनाच गुण देणे, अशी रचना सुचवली. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत ग्रामीण भागासाठी 'आहे' किंवा 'नाही' अशा स्वरूपाचे ७ वंचितता-निर्देशक वापरण्यात आले. नामश्रेणीला नामश्रेणीच राहू देण्याची ही रीत अधिक प्रामाणिक होय. सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये मिश्र स्मरणकाल स्वीकारला आणि २००४-०५ साठी ३७.२ टक्के हा अंदाज दिला. जुन्या पद्धतीने तोच आकडा २७.५ टक्के होता. २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत एका भेटीऐवजी तीन भेटींत तीन स्वतंत्र प्रश्नावल्या भरून घेण्यात आल्या. त्यामुळे आधीच्या पाहण्यांशी तुलना करताना पद्धतीतील फरक पुन्हा ध्यानात घ्यावा लागतो. साधन सुधारले की जुन्या आकड्यांशी असलेले नाते सैल होते. सुधारणा आणि तुलनीयता यांतील हा ताण टाळता येत नाही, मात्र तो उघडपणे सांगता येतो.

महाविद्यालयीन संशोधनासाठी बोध

या चिकित्सेतून महाविद्यालयीन संशोधन आणि मार्गदर्शन यांसाठी पुढील मुद्दे निघतात.

१. पंचबिंदू श्रेणीवरील 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' या प्रतिसादांची बेरीज करण्यापूर्वी सर्व विधाने एकाच संकल्पनेचे मापन करतात काय, हे तपासावे. तसा पुरावा नसल्यास मध्यक आणि वारंवारिता पुरेशी मानावी.

२. 'इतर' या पर्यायाला गुण देऊ नयेत. त्याखाली आलेली उत्तरे वाचावीत. वर्गीकरणाची उणीव तेथेच सापडते.

३. पथदर्शी अभ्यास हा औपचारिकतेचा भाग नव्हे. दोन प्रकारे विचारलेल्या प्रश्नांची तुलना करावयाची असल्यास ते दोन वेगळ्या गटांना विचारावेत.

४. माहिती कोणी, कोणत्या महिन्यात, कोणासमोर आणि कोणत्या अपेक्षेच्या छायेत दिली, हे प्रबंधात नोंदवावे. विद्यार्थ्यांकडून त्यांच्याच शिक्षकाने भरून घेतलेली शिक्षकविषयक प्रश्नावली हा सप्रमाणतेचा प्रश्न आहे.

५. दुय्यम सामग्री वापरताना केवळ आकडा घेऊ नये. तो ज्या अनुसूचीतून आला ती अनुसूचीही वाचावी.

समारोप

माहिती-संकलन ही मापनानंतरची पायरी नाही. प्रश्नाची शब्दयोजना, स्मरणकाल, विचारणारा आणि विचारण्याची वेळ हे सर्व मापनसाधनाचेच घटक आहेत. २००२ च्या अनुसूचीत बेरीज चुकलेली नव्हती. ज्यांची बेरीज करू नये अशा अंकांची ती बेरीज होती. ५५ व्या फेरीत नमुना अपुरा नव्हता. दोन प्रश्न एकमेकांच्या फार जवळ बसले होते. अशा चुका संगणकाने सापडत नाहीत, कारण संगणक अंकाला तो कोणत्या श्रेणीतला आहे हे विचारत नाही. तो प्रश्न संशोधकानेच विचारावयाचा असतो. तो न विचारल्यास त्याची किंमत संशोधक मोजत नाही. ती यादीबाहेर राहिलेले घर मोजते. संशोधनपद्धतीच्या वर्गात मापनाच्या चार श्रेणी शिकवताना एवढी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसली, तरी त्या तासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.